रेअर अर्थ जमिनीत आहेत, मग घोडं पेंड कुठे खातंय? सॉफ्टनरमधल्या मण्यांपासून सोलापूरच्या राखेपर्यंत

सोलापुरात बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या एखाद्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये डोकावून बघा. कोपऱ्यात माणसाच्या उंचीची एक टाकी आणि शेजारी मिठाची गोणी दिसण्याची शक्यता दाट आहे. दर काही दिवसांनी कुणीतरी येतं, मिठाचं पाणी त्या टाकीतून सोडतं, आणि नळावर, गिझरवर पांढरे थर चढवणारं पाणी पुन्हा वापरण्याजोगं होतं. याला सगळे 'सॉफ्टनर' म्हणतात. आत काय असतं असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, 'पिवळी वाळू असते.'

ती वाळू नसते. ते प्लॅस्टिकचे मणी असतात, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. त्यांचं नाव आयन एक्स्चेंज रेझिन. फताटेवाडी-आहेरवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पासारख्या सुपरक्रिटिकल बॉयलरना जे अतिशुद्ध पाणी लागतं, तेही अशाच मण्यांतून गाळून घेतात. साखर पांढरीशुभ्र करणाऱ्या रिफायनरीतही रंग काढायला असे मणी वापरले जातात. आणि याच जातीच्या मण्यांनी युरेनियम दगडातून बाहेर काढलं जातं, अणुभट्टीचं पाणी स्वच्छ ठेवलं जातं. दुसऱ्या महायुद्धानंतर 'रेअर अर्थ' धातू एकमेकांपासून पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात वेगळे झाले, तेही याच मण्यांच्या जोरावर.

गेल्या वर्षभरात रेअर अर्थ हा शब्द तुम्ही किमान पन्नास वेळा तरी ऐकला असेल. 'अमुक राज्यात सापडला खजिना', 'चीनची मक्तेदारी मोडणार', 'राखेतून सोनं'. या बातम्यांत एक गोष्ट बहुतेक वेळा गायब असते. हे धातू सापडणं तितकं अवघड नाही. ते वेगळे करणं अवघड आहे, आणि वेगळे करताना मागे जे उरतं त्याचं काय करायचं, हे त्याहून अवघड.

एप्रिल २०२५ मध्ये काय झालं?

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात रेअर अर्थ धातूंच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि इट्रियम. नावं तोंडात बसत नाहीत, पण इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमधलं चुंबक गरम झाल्यावरही चुंबकच राहावं, यासाठी डिस्प्रोसियम किंवा टर्बियम चिमूटभर तरी लागतं.

त्याचा चटका महाराष्ट्राला लगेच बसला. जुलै २०२५ मध्ये बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगितलं की चुंबकांचा पुरवठा झाला नाही तर ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. एका स्कूटरमध्ये हे चुंबक काही शे ग्रॅमचं असतं. तेवढ्यासाठी पुण्यातली असेंब्ली लाइन अडते.

आता दुसरी बाजू बघा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या आकडेवारीनुसार भारताचे रेअर अर्थ साठे ६९ लाख टन आहेत, चीन आणि ब्राझीलच्या खालोखाल. उत्पादन मात्र २०२४ मध्ये चीनचं २ लाख ७० हजार टन आणि आपलं २,९००. म्हणजे चीन आपल्या नव्वद पटींहून जास्त माल काढतो. खाणकामात चीनचा जागतिक वाटा साधारण ६० ते ७० टक्के आहे, पण धातू वेगळे करून शुद्ध करण्याच्या टप्प्यात तो ९० टक्क्यांच्या आसपास जातो. दुसऱ्या देशांत खणलेला मालही शुद्ध व्हायला तिकडेच जातो. घोडं पेंड खातंय ते इथे.

मणी नेमकं करतात काय?

सॉफ्टनरकडे परत येऊ. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असतात. विरघळलेल्या धातूच्या कणावर विद्युतभार असतो, अशा कणाला आयन म्हणतात. रेझिनच्या मण्याच्या सांगाड्यावर उलट्या भाराच्या असंख्य जागा असतात. नवा मणी आणला की त्या जागांवर सोडियम बसलेलं असतं. सोडियमवर एकच भार, कॅल्शियमवर दोन. पाणी मण्यांतून गेलं की कॅल्शियम जास्त घट्ट चिकटतं आणि सोडियमला उठवतं. एसटीत रिझर्व्हेशनवाला आला की आधी बसलेल्याला जागा सोडावी लागते, तसं.

काही दिवसांनी सगळ्या जागा कॅल्शियमने भरतात. मग मीठ. मिठाच्या कडक पाण्यात सोडियम इतकं जास्त असतं की गर्दीच्या जोरावर ते कॅल्शियमला बाहेर रेटतं. मणी पुन्हा तयार. बाहेर पडलेलं खारट, कॅल्शियमने भरलेलं पाणी गटारात जातं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिले कृत्रिम रेझिन १९३५ मध्ये ॲडम्स आणि होम्स या दोन ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी बनवले. तुटलेल्या ग्रामोफोन रेकॉर्डच्या चुऱ्यात हा गुण दिसला आणि तिथून शोध सुरू झाला, असं सांगितलं जातं. पुढे दहा वर्षांत अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पातल्या शास्त्रज्ञांपुढे एक अडचण उभी राहिली. युरेनियम फुटल्यावर जे तुकडे होतात, त्यात रेअर अर्थ धातू भरपूर असतात, आणि ते एकमेकांपासून वेगळे काही होत नव्हते.

हे किती कटकटीचं काम होतं, याचं एक उदाहरण देतो. १९११ मध्ये चार्ल्स जेम्स नावाच्या रसायनतज्ज्ञाने शुद्ध थुलियम मिळवलं. पद्धत होती क्षार विरघळवायचा, खडे पाडायचे, पुन्हा विरघळवायचा. त्यांना हे सुमारे १५ हजार वेळा करावं लागलं.

कारण असं की हे सतरा धातू म्हणजे एकाच शाळेच्या गणवेशातली सतरा भावंडं आहेत. जवळपास सगळ्यांवर तीन भार. फरक फक्त आकाराचा, आणि शेजारच्या दोघांमधला तो फरक साधारण एका टक्क्याचा. नुसतं रेझिन त्यांना ओळखू शकत नाही. मग युक्ती काढली गेली. आधी सगळे मण्यांवर बसवायचे, नंतर वरून सायट्रेटसारखं एखादं द्रव्य सोडायचं, जे आकाराने लहान आयनाला किंचित जास्त घट्ट धरतं. लहान आयन थोडा आधी सुटतो, पुन्हा पुढच्या मण्यावर बसतो, पुन्हा सुटतो. लांबलचक नळीत हे हजारो वेळा आपोआप होतं. जेम्सची १५ हजार आवर्तनं नळीने स्वतःच करून टाकली असं समजा.

याच पद्धतीने १९४५ मध्ये ओक रिजच्या प्रयोगशाळेत प्रोमेथियम हे निसर्गात जवळपास न सापडणारं मूलद्रव्य ओळखलं गेलं. १९४७ मध्ये आयोवातल्या फ्रँक स्पेडिंग आणि इतरांनी ही सगळी पद्धत प्रसिद्ध केली. १९५५ मध्ये मेंडेलेव्हियमचे अवघे १७ अणू मिळाले होते, त्यांची ओळख पटली तीही रेझिनच्या नळीतून ते कितव्या थेंबाला बाहेर येतात यावरून. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वात भारी गोष्ट वाटते.

युरेनियमचं काम सोपं का?

झारखंडमधल्या जादूगुडाचा कारखाना १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. तिथल्या दगडात युरेनियमचं प्रमाण एक हजार किलोला जेमतेम अर्धा-पाऊण किलो. दगड दळतात, सल्फ्युरिक ॲसिडमध्ये मुरवतात. इथे युरेनियम एक वेगळीच चाल खेळतं. सल्फेटला बरोबर घेऊन ते उलट्या भाराचा, म्हणजे ऋणभाराचा आयन बनवतं. दगडातले बाकीचे बरेचसे धातू धनभाराचेच राहतात. ऋणभार पकडणारं रेझिन लावलं की गर्दीतून युरेनियम उचललं जातं.

रेअर अर्थ असं वेगळेपण दाखवत नाहीत. त्यामुळे ही गोष्ट सांगताना प्रामाणिकपणे कबूल करायला हवं, की आज जगातलं बहुतेक रेअर अर्थ रेझिनने वेगळं होत नाही. रेझिनची नळी शुद्धता अफाट देते, पण संथ आहे. टनांनी माल हवा असेल तर 'सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन' वापरतात. रेझिनवर ज्या रासायनिक 'जागा' असतात, तसंच काम करणारे रेणू केरोसीनसारख्या तेलात मिसळायचे आणि धातूचं पाणी त्या तेलाबरोबर घुसळायचं. अशा शेकडो टाक्या एकापुढे एक. १९७० च्या दशकात पेकिंग विद्यापीठातल्या शू ग्वांगशियान यांनी या टाक्यांची मांडणी गणिताने कशी ठरवायची याचा सिद्धांत मांडला आणि चीनच्या कारखान्यांनी तो उचलला. चीनच्या मक्तेदारीचा पाया खाणीत जितका आहे तितकाच तिथे आहे. रेझिन मागे पडलं ते मोठ्या मालापुरतं. अतिशुद्ध धातू, युरेनियम आणि खूप पातळ द्रावणातून थोडासा धातू उचलायचा असेल, तर आजही मणी लागतात.

चीनला निसर्गानेच रेझिन दिलं

डिस्प्रोसियम, टर्बियम यांना 'जड' रेअर अर्थ म्हणतात. ते मुख्यतः दक्षिण चीनमधल्या जिआंगशी प्रांतातल्या डोंगरांतून आले. तिथला ग्रॅनाइट लाखो वर्षांच्या पावसात कुजून त्याची चिकणमाती झाली, आणि दगडातून सुटलेले रेअर अर्थ आयन त्या मातीच्या कणांवर चिकटून बसले. मातीच्या कणांवर ऋणभाराच्या जागा असतात. म्हणजे अख्खा डोंगर हीच एक सॉफ्टनरची टाकी.

मग तो रिकामा कसा करायचा? मिठाच्या पाण्याने! सुरुवातीला खरंच मीठ वापरलं गेलं, पुढे अमोनियम सल्फेट. हो, तेच जे आपल्याकडे खत म्हणून शेतात जातं. डोंगरात भोकं पाडायची, वरून ते पाणी सोडायचं, पायथ्याशी रेअर अर्थ घेऊन आलेलं पाणी गोळा करायचं. ना दगड दळायचा, ना भट्टी.

सॉफ्टनरचं खारट पाणी गटारात जातं असं वर म्हटलं होतं. इथे गटार म्हणजे खोऱ्यातल्या नद्या आणि विहिरी. अमोनिया झिरपला, डोंगरउतार घसरले, शेतं नासली. चीनने पुढे नियम कडक केले तशी ही पद्धत सीमेपलीकडे म्यानमारच्या काचिन भागात पसरली. तिथे युद्ध चालू आहे आणि विचारणारं कुणी नाही. आज जगातल्या जड रेअर अर्थचा मोठा वाटा तिथून चीनमध्ये जातो. इलेक्ट्रिक स्कूटर 'हरित' असते की नाही यावर वाद घालणाऱ्यांनी त्या डोंगरांचे उपग्रहावरून घेतलेले फोटो एकदा बघावेत.

आपल्या वाट्याला आलं मोनाझाइट

भारतात चित्र वेगळं आहे. आपले साठे मुख्यतः केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशाच्या किनारी वाळूत आहेत, मोनाझाइट या खनिजात. त्यात निम्म्याहून जास्त रेअर अर्थ असतं, पण ते 'हलक्या' गटातलं. निओडायमियम मिळतं, डिस्प्रोसियम नावापुरतं. आणि जोडीला ८ ते १० टक्के थोरियम. थोरियम किरणोत्सारी आहे, आणि भारताच्या अणुकार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याचं इंधनही तेच. त्यामुळे भारतात रेअर अर्थचा विषय पहिल्या दिवसापासून अणुऊर्जा खात्याच्या दारात बांधला गेला.

आयआरईएल, म्हणजे पूर्वाश्रमीची इंडियन रेअर अर्थ्स, ही कंपनी १९५० ची. मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला. केरळात अलुवाचा कारखाना १९५२ मध्ये सुरू झाला, तेव्हा चीनचा या धंद्यात मागमूस नव्हता. १९५५ मध्ये तुर्भ्यात, ज्याला आपण ट्रॉम्बे म्हणतो, थोरियमचा कारखाना निघाला. तिथलं थोरियम नायट्रेट जायचं कुठे, तर गॅसबत्तीच्या जाळीत. ती जाळी म्हणजे ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सिरियम ऑक्साइड. सिरियम हे रेअर अर्थ. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत एकेकाळी ज्या गॅसबत्त्यांच्या उजेडात दुकानं चालायची, त्यांच्या जाळीत हे दोन्ही धातू होते. आजोबांना विचारा, जाळीला हात लावला की चुरा व्हायचा, म्हणून ती सांभाळताना बोलणी खाल्लेली असतील.

म्हणजे सुरुवात आपण लवकर केली. मग मागे का पडलो? १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने मोनाझाइट हा नियंत्रित पदार्थ ठरवला होता, त्यावर प्रक्रिया करायला परवानगी लागायची. २०१९ मध्ये किनारी वाळूतलं खाणकाम खासगी कंपन्यांना पूर्ण बंद झालं. थोरियमसाठी ही काळजी समजण्यासारखी आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की रेअर अर्थ हा जोडधंदा राहिला. मिश्र क्लोराइड काढायचं, थोडं वेगळं करायचं, विकायचं. त्यापासून धातू, मिश्रधातू, चुंबक बनवणारे कारखाने देशात नव्हतेच, मग शुद्ध निओडायमियम घेणार कोण? २०२५ च्या जूनमध्ये आयआरईएलने जपानला जाणारा माल थांबवून देशात ठेवावा, असं सरकारने सांगितल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा हाच प्रश्न समोर आला. माल ठेवला तरी त्याचं चुंबक बनवायला इथे आहे कोण?

ज्ञान नव्हतं असं म्हणता येणार नाही, आणि इथे आपल्या भागाचा एक धागा आहे. आयआयटी मुंबईतले श्रीपाद खोपकर यांनी धातू वेगळे करण्याच्या रसायनशास्त्रावर आयुष्यभर काम केलं. द्रवरूप आयन एक्स्चेंजर हा त्यांचा खास विषय. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एम. ए. अनुसे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी द्रावणातून थोरियम, युरेनियमसारखे धातू काढण्याच्या पद्धती शोधल्या. तिथेच बी. एस. मोहिते यांच्या गटाने क्राउन ईथर नावाच्या, धातूला मुकुटासारखं वेढून धरणाऱ्या रेणूंपासून बनलेल्या पॉलिमरच्या नळ्यांतून युरेनियम आणि थोरियम वेगळं करण्यावर संशोधन प्रसिद्ध केलं. २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ स्थापन होईपर्यंत सोलापूरची महाविद्यालयंही शिवाजी विद्यापीठाशीच संलग्न होती. रेझिन बनवणारेही आपल्याकडे आहेत, मुंबईची आयन एक्स्चेंज इंडिया आणि पुण्याची थर्मॅक्स.

संशोधनपत्रिका आहेत, मणीही आहेत. मधला पूल नाही. प्रयोगशाळेतली नळी बोटाएवढी असते, द्रावण काही मिलिलिटर. तिथून दिवसाला हजारो लिटरवर जायचं तर पायलट प्लांट लागतो, तो चालवायला पाच-सात वर्षं पैसे घालणारं कुणीतरी लागतं, आणि तोटा झाला तरी खरेदीची हमी देणारं गिऱ्हाईक लागतं. चीनमध्ये ते गिऱ्हाईक सरकार होतं.

वापरलेल्या मण्यांचं काय होतं?

याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे, पालघर जिल्ह्यात. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या. भट्टीतून फिरणारं पाणी रेझिनमधून गाळलं जातं, कारण त्यात किरणोत्सारी धातूंचे आयन उतरतात. मणी ते पकडतात, आणि मग मणीच किरणोत्सारी होतात. सोसायटीतल्यासारखं मीठ टाकून ते धुता येतात, पण मग धुतलेलं पाणी किरणोत्सारी होतं. म्हणून असे मणी बऱ्याचदा सिमेंट किंवा पॉलिमरमध्ये गोठवून पक्क्या खंदकात ठेवतात.

भाभा अणुसंशोधन केंद्राने यात एक पाऊल पुढे टाकलं. सिझियम-१३७ हा अणुकचऱ्यातला सर्वात त्रासदायक घटकांपैकी एक, ३० वर्षांनी निम्मा होणारा. मिठाने भरलेल्या कचऱ्यातून, जिथे सोडियम लाखो पट जास्त आहे, तिथूनही नेमकं सिझियम उचलणारं रेसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिन त्यांनी बनवलं आणि प्रत्यक्ष कचऱ्यावर वापरलं. गर्दीतून एकालाच ओळखणारा मणी बनवता येतो, हे त्यातून सिद्ध झालं. आता सोलापूरच्या राखेकडे जाताना हाच मुद्दा कळीचा आहे.

मग सोलापूरच्या राखेत खजिना आहे का?

कोळशाच्या राखेतून रेअर अर्थ काढायची कल्पना जगभर चर्चेत आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनमध्ये राख, ॲल्युमिनियम कारखान्यांचा लाल चिखल आणि खाणींचा टाकाऊ माल यांतून अशी खनिजं काढण्याच्या पायलट प्रकल्पांसाठी १०० कोटी रुपये ठेवलेत. देशात वर्षाला ३० कोटी टनांहून जास्त राख निघते. सोलापूरला दारातच १,३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे.

पाठकोऱ्या कागदावर हिशेब करू. दोन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला सुमारे ३ कोटी १७ लाख युनिट वीज. युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरला तर २० हजार टन कोळसा, आणि त्यातला तिसरा हिस्सा राख धरली तर साडेसहा हजार टन. जगभरच्या कोळशाच्या राखेत रेअर अर्थचं सरासरी प्रमाण टनाला ४०० ग्रॅमच्या आसपास आहे. गुणाकार केला की दिवसाला अडीच टन! त्यात निओडायमियम चारशे किलोच्या घरात. चुंबकात ते साधारण ३० टक्के असतं, म्हणजे रोज हजारो स्कूटर्सची चुंबकं. डिस्प्रोसियमसुद्धा ऐंशी-नव्वद किलो, जे आपल्या मोनाझाइटमध्ये नीट मिळत नाही.

'राखेतून सोनं' ही बातमी इथपर्यंत येऊन थांबते. पुढचा हिशेब असा. त्याच एका टन राखेत निओडायमियम ६०-६५ ग्रॅम, तर ॲल्युमिनियम शंभर किलोच्या वर आणि लोखंड तीस-चाळीस किलो. ॲल्युमिनियमवर भार तीन, ॲसिडमधल्या लोखंडावर बहुधा तीनच, आणि निओडायमियमवरही तीन. साधं रेझिन लावलं तर त्याच्या सगळ्या जागा लोखंड-ॲल्युमिनियम मिनिटांत भरून टाकतील. सिझियम ओळखणाऱ्या मण्यासारखा, रेअर अर्थ ओळखणारा मणी इथे हवा. त्यावर देशोदेशी काम चालू आहे, पण स्वस्तात आणि हजारो टनांवर चालणारं उत्तर अजून बाजारात रुळलेलं नाही.

दुसरं, हे धातू राखेच्या काचेसारख्या गोळ्यांत अडकलेले असतात, कारण बॉयलरमध्ये राख वितळून थिजलेली असते. काच फोडायला कडक अल्कली, मग ॲसिड, मग धुवायला पाणी. एक टन राखेला काही टन द्रव लागणार हे उघड आहे, आणि त्यातून रेअर अर्थ काढल्यावर उरणार ॲसिडचा चिखल, ज्यात राखेतलं थोडंसं युरेनियम-थोरियमही एकवटलेलं असू शकतं. जिथे उजनीच्या पाण्याची पाळी काही दिवसांनी येते, त्या शहराला हे सांगायची गरज नाही की यातला सर्वात महाग कच्चा माल कोणता.

म्हणून मला विचाराल तर सोलापूरच्या राखेतून फक्त रेअर अर्थ काढणारा कारखाना पुढच्या काही वर्षांत उभा राहील, यावर मी पैसे लावणार नाही. ॲल्युमिनियम, सिलिका, रेअर अर्थ असं सगळंच एका साखळीत काढून विकता आलं तर गणित बदलेल. लाल चिखल आणि जुन्या मोटरमधली चुंबकं हे तुलनेने सोपे स्रोत आहेत. जुन्या चुंबकात निओडायमियम ३० टक्के असतं, राखेत ०.००६ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने अशा पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली, आणि नोव्हेंबरमध्ये वर्षाला ६ हजार टन चुंबकं देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटींची. या दुसऱ्या योजनेमुळे निओडायमियमला देशातच गिऱ्हाईक तयार होईल. साठ-सत्तर वर्षं नेमकी ती कडी गायब होती, त्यामुळे खजिन्याच्या दहा बातम्यांपेक्षा मला ही एक बातमी मोठी वाटते.

पण राखेचा विषय सोडून द्यावा असंही नाही. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार औष्णिक प्रकल्पांना राखेचा १०० टक्के वापर करायचा आहे. सिमेंट, विटा, रस्त्याचा भराव, खड्डे. होटगी परिसरातच सिमेंटचे कारखाने आहेत. एकदा राख सिमेंटमध्ये गेली की तिच्यातलं काहीही परत येत नाही. त्यामुळे पहिलं काम कारखान्याचं नाही, तपासणीचं आहे. कोळसा कुठल्या खाणीतून आला त्यानुसार राखेतलं प्रमाण बदलतं. तेव्हा खाणवार, महिनावार नमुने घेऊन कुठली राख जपून ठेवण्यासारखी आणि कुठली खुशाल विटभट्टीवाल्यांना द्यावी, हे ठरवता येतं. क्रिटिकल मिनरल मिशनने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांत आयआयटी मुंबई आहे. नमुने गोळा करायला, ते विरघळवायला आणि नळीत रेझिन भरून पहिल्या चाचण्या घ्यायला सोलापूर-कोल्हापूरच्या विद्यापीठातले एमएस्सीचे विद्यार्थी पुरेसे आहेत. एवढ्यासाठी लागणारा खर्च त्या १०० कोटींच्या पायलट निधीत कुठल्या कुठे बसतो.